ताई, वहिनी आणि जुनी वाहिनी

घरात दोनच भावंडं असली की धाकट्याला नाव नसलं तरी चालतं. ह्याला सगळे धाकट्या म्हणायचे. ताई गेली तेव्हा तो कॉलेजात होता. आता त्याची पन्नाशी उलटली, डोक्यावर केस शोधावे लागत, चष्म्याशिवाय आपलाच चेहरा आरशात ओळखू येत नसे. ताई जेवढं जगली त्याच्या दुप्पट वय झालं, तरी आईच्या तोंडी तो धाकट्याच राहिला. थोरली नसली तरी धाकटेपण काही सुटत नाही.

ताई नटी होती. फार मोठी नव्हे, पण एका काळी रस्त्याने जाताना लोक थांबून बघायचे एवढी होती. टीव्हीवर तेव्हा एकच मालिका अशी होती की ती लागली की गल्लीत कुत्रं फिरकत नसे. एक मोठं घर, दोन भाऊ, थोरल्या भावाची बायको आणि ह्या सगळ्यांची लाडकी, तोंडाळ धाकटी बहीण. घराच्या मधोमध लाकडी जिना होता. प्रत्येक भागात ती बहीण वरून काहीतरी खोडसाळ बोलत त्या जिन्यावरून खाली यायची. म्हणून लोकांनी मालिकेचं खरं नाव बाजूला ठेवून तिला 'जिन्याची मालिका' म्हणायला सुरुवात केली. जिन्यावरून येणारी ती नणंद म्हणजे ताई. आणि थोरल्या वहिनीचं काम करणारी बाई तेव्हापासून साऱ्या गावाची वहिनी झाली. भाजीवाला तिला वहिनी म्हणे, बँकेतला कारकून वहिनी म्हणे. तिचं खरं नाव तिच्या चेकवर तेवढं उरलं.

मालिका ऐन भरात असताना ताईला रक्ताचा आजार निघाला. बऱ्याच दिवसांचा अंगात होता, कळला उशिरा. तिने काम सोडलं नाही. शेवटी शेवटी जिना सोडला तर तिला बाकीचे प्रसंग बसूनच द्यायचे, खांद्यावर शाल टाकायचे. मग एक दिवस ती गेली. लेखकाने त्या नणंदेला शिकायला परगावी पाठवून दिलं आणि काही आठवड्यांनी ती परत आली ती दुसराच चेहरा घेऊन. त्याच जिन्यावरून उतरली, तशीच खोडसाळ बोलली, आणि घरात कुणीच दचकलं नाही. आईने त्या दिवशी टीव्ही बंद केला तो पुढे कित्येक वर्षं लावला नाही. वडिलांनी तो उचलून कपाटाच्या मागे ठेवला. पुढे वडीलही गेले.

धाकट्याला स्टुडिओतल्या लोकांनी कळवळ्याने कामाला लावून घेतलं. ताईच्या जागी नव्हे, ताईच्या मागच्या खोलीत. तिथे फिती जोडायच्या, नको ते कापायचं, हवं ते चिकटवायचं. त्याचा हात त्यात बसला. लग्नाचं मात्र राहून गेलं. आई विषय काढायची, तो 'बघू' म्हणायचा, आणि बघता बघता बघण्याचं वय गेलं.

मग 'जुनी वाहिनी' निघाली.

तिचे मालक मुळात जाहिराती गोळा करणारे गृहस्थ. मोठ्या टीव्ही केंद्रात जागा कमी पडू लागली म्हणून जुन्या मालिकांच्या टेप पुसून त्यांवर नवीन कार्यक्रम भरायचं ठरलं होतं. मालकांच्या ते कानावर गेलं. त्यांनी ट्रक नेला आणि जेवढ्या उचलता आल्या तेवढ्या टेप रीतसर विकत घेऊन आले. धंद्यातले लोक हसले. नवीन दाखवायला लोक जीव टाकतायत आणि हा शिळ्या कढीला ऊत आणतोय, म्हणाले. मालकांनी मनावर घेतलं नाही. चष्म्याच्या दुकानावरच्या तीन खोल्या भाड्याने घेतल्या. एकीत टेप रचल्या, एकीत यंत्रं मांडली, तिसरीत स्वतः बसले. दारावर रंगाऱ्याकडून 'जुनं ते सोनं' लिहून घेतलं. रंगारी सोन्यावरचा अनुस्वार विसरला म्हणून पुन्हा बोलावावं लागलं. धाकटा तिथे पहिल्या दिवसापासून होता. कापणारा म्हणून ऑफिसात त्याला 'कात्री' म्हणत, म्हणजे धाकट्याला आयुष्यात पहिल्यांदा दुसरं नाव मिळालं.

सुरुवातीला वाहिनी कोण बघतं हेच कळेना. मग फोन यायला लागले. निवृत्त मास्तर, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या, दवाखान्यात डॉक्टरांची वाट बघत बसलेले लोक, न्हाव्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं. एक गृहस्थ फोन करून म्हणाले होते, "कालचा भाग मी लग्न ठरलं त्या संध्याकाळी बघितला होता. बायको आता नाही. भाग मात्र तसाच आहे हो." मालकांनी हे वाक्य सगळ्यांना ऐकवलं आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या जोरावर जाहिराती मागायला लागले. माणूस धंदेवाईक खरा, पण ते वाक्य सांगताना हिशोबाची वही मिटून ठेवायचे.

जिन्याच्या मालिकेच्या टेप खोक्यांच्या तळाशी सापडल्या. मालकांना आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. ऑफिसात विनोद सुरू झाला, "आता वाहिनीवर वहिनी." सगळे हसले. धाकटाही हसला. आपली ताई त्यात आहे हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. आडनाव तिने कामासाठी वेगळं घेतलेलं, आणि तिथली मंडळी सगळी नंतरची.

घरी सांगायचं त्याच्या जिवावर आलं होतं. दोन-तीनदा तोंड उघडलं आणि पाणी मागून गप्प बसला. शेवटी बूट काढता काढता, आईकडे न बघता, बोलून टाकलं.

"आई, ताईची मालिका लागणार आहे. आमच्याकडे."

आई भांडी पुसत होती. पुसायची थांबली नाही.

"किती वाजता?" तिने विचारलं.

एवढंच. दुपारची वेळ होती. त्या दिवशी धाकटा रजा टाकून घरी थांबला. आईने तोंड धुतलं, ठेवणीतला चष्मा काढला, खुर्ची खिडकीपासून हलवून टीव्हीसमोर आणली. ताई जिन्यावरून उतरली. आईने श्वास घेतला तो धाकट्याला ऐकू आला. भाग संपल्यावर ती म्हणाली, "ते निळं जाकीट तिचं घरचं आहे. बाही मीच उसवून वाढवून दिली होती. अजून टाके दिसतात बघ."

तेव्हापासून आईची दुपार बांधली गेली. जेवण लवकर उरकायचं, शेजारणीला दाराबाहेरूनच परतवायचं, फोन उचलायचा नाही. संध्याकाळी धाकटा आला की ती सांगायची, आज ताई कशी दिसत होती. मालिकेत काय झालं ते नाही. ताई कशी होती ते. आज खूश होती. आज सर्दी झाली होती तिला, आवाज बसलेला, औषध घेत नसे ना ती. धाकट्याने ते भाग दुपारी स्वतः लावलेले असत, पण तो नव्याने ऐकायचा. आईच्या चेहऱ्यावर रंग आला होता. तिची भूक वाढली.

पण मालिका पुढे सरकते तशी ताईसुद्धा पुढे सरकणार होती. एका संध्याकाळी आई गप्प होती. धाकट्याने पाण्याचा पेला हातात दिला तेव्हा म्हणाली, "इथून तिला बरं नाहीये."

"आई, हवं तर आता नको बघूस."

"मी नाही बघितलं तर तिला बरं वाटणार आहे का?"

तिने शेवटपर्यंत बघितलं. शाल आली, मनगटं बारीक झाली, खुर्चीत बसूनचे प्रसंग आले. आईचंही जेवण त्या मापाने कमी होत गेलं. ज्या दिवशी ताईचा शेवटचा भाग झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी आईने खुर्ची परत खिडकीपाशी नेली आणि पुढचे काही आठवडे ती घरात दुखवटा असल्यासारखी वागली. धाकट्याला वाटलं, हे आपण काय करून बसलो. भरत आलेली जखम हाताने उकलली.

त्याने एक उपाय काढला. ताईचे सगळे चांगले दिवसांतले प्रसंग जोडून एक फीत तयार केली, यंत्र आणलं, आईला दाखवलं. मनात येईल तेव्हा लाव, म्हणाला. आईने थोडं बघितलं आणि हाताने थांबव म्हणून खूण केली.

"असं नको रे. टीव्हीवर येते तेव्हा ती आपणहून येते. ह्यात आपण तिला ओढून आणतो." मग जरा वेळाने, "परत कधी लागणार ते सांग."

परत लागली. जुन्या वाहिनीचा धंदाच तो होता. संपलं की पहिल्यापासून. पण तोवर दिवस बदलले होते. मालक थकले, त्यांनी कारभार एका नव्या जाहिरातवाल्या साहेबांच्या हाती दिला. साहेब तरुण, बोलायला गोड, कामाला कडक. त्यांनी हिशोब मांडला की पूर्वी जाहिराती कमी असत म्हणून भाग लांब होते. आता प्रत्येक भागातून काही मिनिटं काढल्याशिवाय जाहिराती बसणार नाहीत.

"काय काढू?" धाकट्याने विचारलं.

"काहीही काढा हो. गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. कुणाला कळणार आहे?"

धाकटा कापायला बसला. इतकी वर्षं तो कापत आला होता, पण हे वेगळं होतं. पहिल्या दिवशी ताईच्या एका वाक्यावर त्याचा हात गेला आणि मागे आला. आईला कळलं असतं. आईचं जाऊ दे, त्याला स्वतःलाच ते करवेना. माणूस एकदा गेलं ते गेलं, आता त्यातलं मिनिट मिनिट आपण काढायचं? त्याने मग थोरल्या वहिनीचं भाषण आखूड केलं. दुसऱ्या दिवशी तिचा स्वयंपाकघरातला प्रसंग काढला. तिसऱ्या दिवशी ती दारातून येते, पिशवी ठेवते, घाम पुसते, ते सगळं गेलं. वहिनीच मालिकेची नायिका, तेव्हा तिचंच काम सगळ्यात जास्त. कापायलाही तिथेच जास्त मिळे. बघता बघता मालिका एका बाजूला कलली. घर वहिनीचं होतं ते नणंदेचं झालं. साहेबांच्या ते गावीही नव्हतं. जाहिराती बसल्या, ते खूश होते.

घरी आई म्हणाली, "ह्या खेपेला ताईचं काम जास्त वाटतंय रे."

"तुला वाटतं तसं," धाकटा म्हणाला, आणि ताटाकडे बघत राहिला.

असं कित्येक आठवडे चाललं. मग एका सकाळी ऑफिसच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. उंच, पाठीत जराशी वाकलेली, राखाडी कोट, हातात छत्री. खालच्या चष्मेवाल्याने तिला ओळखलं होतं. तो जिना चढून तिला वरपर्यंत सोडायला आला आणि 'वहिनी आल्यात' म्हणून सांगून गेला. सगळं ऑफिस उभं राहिलं. साहेबांनी खुर्ची दिली. वहिनी बसल्या नाहीत.

"मालिका कोण कापतं, त्यांना भेटायचंय," त्या म्हणाल्या.

धाकटा पुढे आला. त्याने त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. खोलीत दोन खुर्च्या, दोन पडदे आणि टेपांची भिंत. वहिनींनी छत्री मांडीवर आडवी ठेवली. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग परवडला असता, हे ऐकवेना.

"मी एकटी असते," त्या म्हणाल्या. "मिस्टर गेले, मूलबाळ नाही. भाची अधूनमधून येते. दुपारी मी मालिका लावते. स्वतःलाच बघत बसते म्हणून लोक हसतील, हसू देत. परवाच्या भागात सगळे टेबलाभोवती बसलेत आणि पडद्याबाहेर बघून बोलतायत. तिथल्या खुर्चीत मी होते. माझ्याशीच बोलतायत ते, आणि मी नाही. मला आधी वाटलं, मलाच काही व्हायला लागलंय. वय आहे ना. भाचीला विचारलं, मी होते ना गं ह्यात? ती म्हणाली, मावशी, मी तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते."

धाकट्याने खुर्ची यंत्राकडे वळवली.

"मला एकदा दाखवा, काय काय काढलंत."

त्याने एक भाग लावला. एका पडद्यावर मूळ, दुसऱ्यावर आपण कापलेला. वहिनी शांतपणे दोन्हीकडे बघत होत्या. मधेच त्यांनी बोट दाखवलं.

"ह्या पोरीचं तुम्ही काहीच काढलं नाहीत."

"नाही."

"का?"

धाकट्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. इतकी वर्षं जे कुणाला सांगितलं नव्हतं ते त्याच्या तोंडून निघालं.

"ती माझी बहीण होती."

वहिनींनी मान वळवून त्याच्याकडे नीट बघितलं. कपाळ, नाक, कान. काहीतरी सापडल्यासारखी मान हलवली.

"मग माझं इथे कोण आहे कापायला बसलेलं?" त्या म्हणाल्या.

बाहेर कुणीतरी फोनवर मोठ्याने बोलत होतं. पडद्यावर ताई जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून हसत होती. तिच्या खांद्यावर शाल होती. शेवटच्या दिवसांतला भाग होता तो. वहिनींचं लक्ष तिकडे गेलं. मूळ टेपमध्ये ताई जिना उतरत होती आणि वहिनी तिच्या बाजूने, दंडाला धरून, काहीबाही बोलत उतरत होत्या. धाकट्याने ते उतरणं सगळंच काढलं होतं. त्याच्या कापणीत ताई एकदम खालच्या पायरीवर दिसायची.

"इथे माझा हात होता," वहिनी म्हणाल्या. "तो काढू नका. बाकी माझं काय काढायचं ते काढा. तो तेवढा ठेवा."

"का?"

"तुमच्या आई आहेत?"

"आहे."

"मग त्यांनाच सांगेन. तेव्हा सांगणार नाही म्हणून कबूल केलं होतं. आता कुणाची शपथ राहिलीये?"

त्या गेल्यावर धाकट्याने पुढच्या भागांच्या टेप काढल्या आणि पुन्हा पहिल्यापासून कापायला घेतल्या. ह्या खेपेला सगळ्यांचं थोडं थोडं काढलं. थोरल्या भावाचं, धाकट्या भावाचं, जिन्यावरचा हात तेवढा ठेवून वहिनीचं. आणि ताईचं. ताईचं पहिलं वाक्य काढण्याआधी त्याने ते तीनदा ऐकलं. ते वाक्य साधंच होतं. माझी पेन्सिल कुणी घेतली, एवढंच.

त्याच आठवड्यात सुट्टीच्या दिवशी वहिनी घरी आल्या. आई दारापर्यंत गेली. ती वहिनींपेक्षा वयाने कितीतरी मोठी, तरी तिच्या तोंडूनही तेच आलं.

"या वहिनी. बसा."

चहा झाला. हवापाणी झालं. गुडघ्यांची चौकशी झाली. मग वहिनींनी कप खाली ठेवला.

"शेवटचे काही महिने तिला जिना उतरवत नव्हता," त्या म्हणाल्या. "दिग्दर्शक म्हणाले, जिना काढून टाकू, खालीच बसवू. ती नाही म्हणाली. मला वर बोलावून घेतलं. तुम्हाला माहीत नसेल, त्या जिन्याच्या वर काही नव्हतंच. एक फळी आणि मागे अंधार. तिथे ती बसून असायची. मला म्हणाली, वहिनी, आई रोज बघते. मी जिन्यावरून आले नाही तर तिला कळेल. तुम्ही मला धरा, पण असं धरा की लाडाने धरलंय असं वाटलं पाहिजे. मग मी तिला धरायला लागले. माझ्यावर सगळा भार टाकायची ती. भार तरी कसला, हातात पाखरू असावं तसं. ते बोलणं, थट्टा, संवादात काही नव्हतं. मी आपली तोंडाला येईल ते बोलायचे, कारण तेवढ्या पायऱ्या उतरायला तिला वेळ लागायचा. आणि मला सांगून ठेवलं होतं, आईला कधी कळू देऊ नका."

धाकट्याने आईकडे बघितलं. आई मांडीवरचे हात बघत होती.

"मला कळलं होतं," ती म्हणाली.

"तेव्हाच?" वहिनींनी विचारलं.

"ती प्रत्येक पायरीवर आधी एकच पाय टाकायला लागली, आणि दुसरा त्याच्यापाशी आणून ठेवायची. चालायला शिकली तेव्हा अशीच उतरायची. आईला कळणार नाही का?" आई थांबली. "पण घरी आली की विचारायची, आज कशी झाले गं? मी म्हणायचे, फार छान. एकदम टुणटुणीत दिसत होतीस. तिला वाटू दिलं, मला काही कळलेलं नाही. तेवढंच तिच्या हातात होतं, ते कशाला काढून घ्यायचं?"

दोघी बायका एकमेकींकडे बघत नव्हत्या. मग आईने हात पुढे केला आणि वहिनींच्या मनगटावर ठेवला. "तुम्ही धरत होतात ते दिसायचं मला," ती म्हणाली. "म्हणून तर रात्री डोळा लागायचा."

वहिनी रडल्या. आई रडली नाही. तिचं आधीच होऊन गेलं होतं. धाकटा कप उचलून आत गेला आणि नळ सोडून उभा राहिला. ज्या हाताच्या भरवशावर आईला झोप लागायची, तो हात आपण जाहिरातीत बसत नाही म्हणून कापून टाकला होता, हे त्याने तिला कधीच सांगितलं नाही. आईनेही विचारलं नाही. तिने बघितलं नसेल असं मात्र म्हणवत नाही.

त्यानंतर वहिनी दुपारी यायला लागल्या. दोघी शेजारी शेजारी बसून मालिका बघत. धाकट्याला वाटलं होतं की आता ताईचे प्रसंग कमी झालेले बघून आई हिरमुसेल. पण आईला नवीनच खजिना सापडला होता. पडद्यावरची ताई तेच बोलायची, तेच हसायची. वहिनींकडे मात्र अशी ताई होती जी कुणीच बघितलेली नव्हती. दिग्दर्शकाच्या खोकल्याची नक्कल करून दिवेवाल्यांना पळवणारी. भूक लागली की सेटवरची खोटी फळं चावून बघणारी. एकदा संवाद विसरली तेव्हा सरळ कॅमेऱ्याकडे बघून 'आई, काय होतं गं पुढे?' म्हणाली, आणि सगळा सेट हसत सुटला.

"आणि ह्याच्याबद्दल काय काय सांगायची," एका सुट्टीच्या दुपारी वहिनी धाकट्याकडे बघून म्हणाल्या. "माझा धाकटा बूट घालूनच झोपतो म्हणे. सकाळी उशीर नको म्हणून."

"अजून झोपतो," आई म्हणाली.

धाकटा हसला. मरून इतकी वर्षं झालेली बहीण आपल्याबद्दल कुणाला तरी काही सांगून गेली होती, हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसला उशिरा पोचला.

सुख असं लांबत नाही. मालक वारले. मुलांना त्या धंद्यात रस नव्हता. एका कंपनीने वाहिनी विकत घेतली. तिला टेपांशी देणंघेणं नव्हतं, टीव्हीवरची जागा तेवढी हवी होती. नोकरांना एका दुपारी बोलावून सांगण्यात आलं. शेवटचा कार्यक्रम म्हणून काही खास दाखवू या, असं धाकटा म्हणाला. जाहिरातवाले साहेब म्हणाले, "शेवट आहे असं कळू द्यायचं नाही, वरून सांगितलंय." जिन्याची मालिका तिसऱ्यांदा लागली होती आणि निम्म्यावर आली होती. एके दिवशी ती लागली, आणि दुसऱ्या दिवशी त्या वेळेला एक माणूस गादीवर उड्या मारून ती किती टिकाऊ आहे ते सांगत होता.

आईने चष्मा काढून ठेवला. "तिला अजून बरं होतं," ती म्हणाली. वहिनी म्हणाल्या, "हो. अजून बरी होती." दोघी त्या गादीवाल्याकडे बघत बसल्या. बंद करायचं कुणाला सुचलं नाही.

टेप गावाबाहेरच्या गोदामात नेऊन टाकल्या होत्या. धाकटा दोनदा जाऊन आला. पहिल्यांदा पहारेकऱ्याने आत सोडलं नाही. दुसऱ्यांदा सोडलं तेव्हा छत गळून खोकी भिजली होती. टेपांना बुरशीचा वास होता आणि एकमेकींना चिकटून त्यांची वीट झाली होती. त्याने एक उचलून बघितली आणि जागच्या जागी ठेवून दिली.

आई त्याच थंडीत गेली. फार आजारी नव्हती. दुपारी खुर्चीत बसली होती, वहिनी शेजारी होत्या, ताईचं काहीतरी सांगत होत्या. 'मग?' असं आईने विचारलं, आणि वहिनींनी पुढचं सांगितलं, आणि सांगून झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

धाकट्याला पुढे लग्नाच्या चित्रफिती कापायचं काम मिळालं. नवरानवरीचं पाऊल अडखळलं, कुणाची आत्या रुसून बसली, असलं सगळं काढून टाकायचं असतं. तो ते करतो. वहिनींकडे तो दर आठवड्याला जायचा. त्यांच्या आठवणी पुढे पुढे एकमेकींत मिसळायला लागल्या. ताईने चावलेलं खोटं फळ कधी सफरचंद असे, कधी पेरू. तो दुरुस्त करत नसे. शेवटी शेवटी त्या त्याला मालिकेतला धाकटा भाऊ समजायला लागल्या होत्या. जेवलास का रे, विचारायच्या. तो जेवलो म्हणायचा.

त्या गेल्या तेव्हा वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. अंत्ययात्रेला फार माणसं नव्हती. भाची, शेजारचे दोघंतिघं, पूर्वी दिवे लावणारा एक म्हातारा आणि चष्मेवाला. धाकटा मागे भिंतीशी उभा होता. पाहुण्यांची व्यवस्था बघणारा एक गृहस्थ, भाचीच्या सासरकडचा कुणीतरी, त्याच्यापाशी आला आणि हळू आवाजात म्हणाला, "आपण? त्यांचे कोण?"

धाकटा विचारात पडला. मग जे नातं सुचलं ते त्याने सांगितलं.

"माझी बहीण त्यांची नणंद होती."

गृहस्थाने मनातल्या मनात नातं जुळवलं. "म्हणजे दीरच की तुम्ही," तो म्हणाला, आणि घाईघाईने त्याला पुढे, घरच्या माणसांत घेऊन गेला.